डोळे बांधून बारावी

बेकरीवरच्या त्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी चार वाजता मुंगीला शिरायला जागा नव्हती. देगू शहराच्या सुसंग भागात जेवढ्या इमारती तेवढे क्लास, आणि जेवढी मुलं तेवढ्या काळजीत बुडालेल्या आया. त्यातल्या दीडशे आया आज इथं खुर्च्यांवर, जिन्यावर, खिडकीच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. सोबत नवरेही आणायचे होते. 'मेंदूची लहर उघडण्याच्या सोहळ्याला आई-वडील दोघं हवेत', असं पत्रकात छापलं होतं.

व्यासपीठावर सात वर्षांची येसोल बसली होती. डोळ्यांवर कापूस, त्यावर काळी पट्टी, त्यावर आणखी एक काळी पट्टी. पाय जमिनीला टेकत नव्हते.

"कुणीही एक प्रश्न निवडा!" क्लासचे प्यो सर गरजले. पांढरा कोट, सोनेरी चष्मा, कानाजवळ माइक. "गेल्या वर्षीच्या कॉलेज प्रवेश परीक्षेतला भाषेचा पेपर. अठरा-अठरा वर्षांचे घोडे या पेपरपुढे रडतात! नंबर मोठ्यानं सांगा म्हणजे हॉलची लहर जुळेल, आणि प्रश्नाचं पान बाळाच्या कपाळाला लावा."

एक आई धावत पुढे गेली. "प्रश्न एकवीस!"

येसोलच्या कपाळाला पान टेकलं. सरांनी डोळे मिटले. "विश्वासानं सांग."

"चार," येसोल म्हणाली.

उत्तरपत्रिका उघडली. चार! हॉलभर 'अगंबाई' झालं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या गीसुकनं मात्र आपल्या लेकीकडे पाहिलं. शेजारी तिची सेबोम खाली मान घालून बसली होती. तिसरीतली पोर. तीन आठवडे याच क्लासला येत होती. कपाळाला पान लावून रोज काहीतरी आकडा ठोकायची, आणि तो बहुधा चुकायचा. "हिच्या डोक्यात धुकं आहे," सरांनी सांगितलं होतं. "दहावं वर्ष लागलं की मेंदूची खिडकी कायमची बंद. तुमच्याकडे दोन महिने आहेत." मग पोहणं बंद झालं, कार्टून बंद झालं. शेवाळाचं सूप बुळबुळीत, ते प्यायलं की परीक्षेत पाय घसरतो अशी समजूत, म्हणून तेही बंद, आणि तेसुद्धा परीक्षेच्या नऊ वर्षं आधीपासून! गेल्या आठवड्यात सेबोमनं विचारलं होतं, "आई, ढ माणसं मोठेपणी काय करतात?" तरी गीसुक पोरीला घेऊन येतच राहिली. सगळेच येत होते ना.

गीसुकच्या दुसऱ्या बाजूला तिचा नवरा मानबोक गाढ झोपला होता. तो भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. पहाटे दोनला उठून कोबी-मुळ्याचे ढीग विकणारा माणूस दुपारी चारला जागा राहील तरी कसा? ती दर दोन मिनिटांनी त्याला कोपरानं ढोसत होती.

"अहो, घोरू नका. लोक बघतायत."

"हं," म्हणून तो पुन्हा घोरायचा. त्यात त्याच्या उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती, उघडत होती, मिटत होती. झोपेतही बाजार सुटत नाही मेल्याचा, असं तिच्या मनात आलं.

तोवर व्यासपीठावर वीसेक प्रश्न होऊन गेले होते, सगळ्यांची उत्तरं बरोबर. "प्रश्न तीस!" मागून आवाज आला.

"शांतपणे सांग," प्यो सर म्हणाले.

"तीन," मानबोक पुटपुटला.

"तीन," व्यासपीठावरून येसोल म्हणाली.

गीसुक दचकली. पुढचा प्रश्न आला. "बाळा, सांग," सर म्हणाले.

"दोन," मानबोकनं झोपेतच सांगितलं.

"दोन," येसोल म्हणाली.

शेजारची जूनसूची आई ताडकन उभी राहिली. "अगं बाई गं! सेबोमच्या बाबांची लहर उघडली! झोपेत उघडली!"

एकच गलका झाला. लोक खुर्च्यांवर चढून घोरणाऱ्या माणसाकडे बघू लागले. आयुष्यात ती परीक्षा न दिलेला, शाळेनंतर थेट हमालीला लागलेला माणूस झोपेत देशातल्या सगळ्यात अवघड पेपरची उत्तरं देत होता!

प्यो सर क्षणभर गडबडले. पण चालून आलेला चमत्कार सोडतील तर ते सर कसले? "पाहिलंत?" त्यांनी दोन्ही हात पसरले. "लहर भिंतीला थांबत नाही! वय बघत नाही! आणा त्यांना वर!"

चार बायकांनी मानबोकला उचलल्यासारखं व्यासपीठावर नेलं. तो डोळे चोळत उभा राहिला. अंगात बाजाराचंच जाकीट होतं, खिशावर कांद्याचं साल चिकटलेलं. गीसुकला वाटलं, धरणी दुभंगावी.

"सांगा," सरांनी माइक त्याच्या तोंडापाशी धरला. "लहर शिरली तेव्हा काय जाणवलं?"

"काही नाही बुवा," मानबोक म्हणाला. "तुम्ही पुकारत होता, मी ऐकत होतो."

"मी? मी काय पुकारलं?"

"आकडे. आमच्याकडेही असंच असतं. नवख्याला वाटतं मी नुसता बरळतोय, पण दलालाला बरोबर कळतं भाव काय चाललाय तो." त्यानं जांभई दिली. "सगळे पोरीकडे बघत होते. माझे डोळे मिटलेले, म्हणून मला नुसतं ऐकू येत होतं. 'शांतपणे सांग' म्हटलं की तीन. 'विश्वासानं' म्हटलं की चार. दर वेळी तेच. चारपाचदा ऐकलं की झोपेतही कळतं."

कुणीतरी खुदकन हसलं. प्यो सरांनी माइक मागे ओढला. "अडाणी माणसाला लहर झेपत नाही, त्याची बुद्धी चळते. खाली घेऊन जा त्यांना."

"थांबा," मानबोक म्हणाला. त्यानं खिशातून तळलेल्या कोंबडीच्या दुकानाची जाहिरात काढली. दाराच्या कडीला कुणी ना कुणी अडकवून जातं, तसली. ती त्यानं अलगद येसोलच्या कपाळाला लावली आणि मोठ्यानं म्हणाला, "प्रश्न सतरा. विश्वासानं सांग."

"चार," येसोल म्हणाली.

"तोच प्रश्न. न घाबरता सांग."

"पाच."

"बरं. तोच प्रश्न. हं, सांग."

"एक," येसोल म्हणाली, आणि मग हळूच तिनं विचारलं, "तिन्ही बरोबर आली का?"

मानबोकनं जाहिरात हॉलकडे फिरवली. तिखट कोंबडीचं भलंमोठं चित्र! आधी जिन्यावरचे हसले, मग खिडकीतले, मग सगळा हॉल. जूनसूची आई मात्र अजून हटून बसली होती. "पण सर कुठं प्रत्येक प्रश्न सोडवतात? त्यांना तरी उत्तर कसं कळतं?"

"वहिनी, पेपर एकच आहे. प्रश्न पंचेचाळीस. नंबर तुम्हीच ओरडून सांगता. पंचेचाळीस आकडे पाठ करायला कितीसा वेळ लागतो? मला दोनशे दलालांचे नंबर तोंडपाठ आहेत, मला कोणी सर म्हणत नाही."

"ही क्लासची बदनामी आहे!" प्यो सर ओरडले. "येसोल, ऊठ. शंकेखोर माणसांत लहर चालत नाही!"

तेव्हा गीसुक उठली. ती व्यासपीठावर गेली आणि सर आणि पोर यांच्या मध्ये उभी राहिली. तिनं दोन्ही पट्ट्या सोडल्या, कापूस काढला. उजेडानं येसोलचे डोळे मिचमिचले. पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटले होते. गीसुकनं ते मायेनं आपल्या बाहीच्या टोकानं टिपले.

"बाळा, एकविसाव्या प्रश्नाचं उत्तर चार आलं ना? ते कसं काढलंस?"

इतक्या दिवसांत, इतक्या हॉलमध्ये, हे तिला कुणीच विचारलं नव्हतं. येसोलनं आधी सरांकडे पाहिलं, मग गीसुकच्या बाहीकडे.

"मला नाही माहीत, काकू. मला अजून एवढे मोठे शब्द वाचता येत नाहीत. हा माझा मामा 'सांग' कसं म्हणतो ते ऐकून मी आकडा सांगते." तिनं प्यो सरांकडे बोट केलं. मग घाईघाईनं म्हणाली, "मला शू लागलीये. मघापासून."

आता कुणी हसलं नाही. जूनसूची आई स्वतः तिला हात धरून घेऊन गेली.

प्यो सरांनी आणखी पाच मिनिटं लहरीवर भाषण दिलं, पण ते ऐकायला फक्त पहिल्या रांगेतले दोन आजोबा उरले होते, तेही कमी ऐकू येणारे. बाकी आया दाराशी नोंदणी करणाऱ्या मुलीभोवती गराडा घालून आपापले अर्ज परत मागत होत्या. येसोलच्या आईला कुणीतरी फोन केला. ती हातातलं काम टाकून आली आणि भावाकडे पाठ फिरवून लेकीला घेऊन गेली. पुढच्या आठवड्यात बेकरीवरच्या खिडक्यांमधली पाटी उतरली. दुसऱ्या शहरात दुसऱ्या नावाची पाटी चढली असेलही. अशा माणसांना गिऱ्हाईक कमी पडत नाही.

घरी जाताना सेबोमनं विचारलं, "म्हणजे माझ्या डोक्यात धुकं नाही?"

"नाही गं," गीसुक म्हणाली, आणि भर रस्त्यात तिनं पोरीसमोर खाली बसून सांगितलं, "माझं चुकलं. तुला गुपचूप उत्तर सांगणारं कुणी नव्हतं, म्हणून तुझं चुकत होतं. ढ तू नव्हतीस."

गीसुकचं कालवणं-लोणच्यांचं छोटं दुकान आहे. सोमवारी जूनसूची आई तिथं आली. काकडीच्या लोणच्याचा डबा हातात घेऊन बराच वेळ घुटमळली आणि शेवटी हळूच म्हणाली, "ते सगळं खरं गं. पण मग आता कोणता क्लास लावायचा? परीक्षा काही टळत नाही. लवकर सुरुवात तर करायलाच हवी."

"कर की लवकर सुरुवात," गीसुक म्हणाली. "रोज थोडं वाचायला लाव, त्याला आवडेल ते. गणित चुकलं तर चुकू दे, पुन्हा करू दे. रात्री वेळेवर झोपव. एवढीच तयारी या वयात होते, आणि ती हळूहळूच होते. दोन महिन्यांत कुणी बारावी करून देतो म्हणाला ना, तर त्याच्यासमोर हात जोडू नकोस, त्याला तोंड बंद ठेवायला सांग आणि मग पोराला प्रश्न विचार. आणि जूनसूनं बरोबर उत्तर दिलं तरी लगेच टाळ्या वाजवू नकोस. आधी विचार, कसं काढलंस?"

"आणि त्यानं 'माहीत नाही' म्हटलं तर?"

"तर म्हणायचं, चल, शोधू."