सोड म्हणेपर्यंत

लिफ्टची दुरुस्ती करणाऱ्यांत एक शिस्त असते. वरच्याने धरलेली वस्तू, मग ती पान्ह्याएवढी असो की मोटरीएवढी, खालचा माणूस स्वतःच्या तोंडाने ‘सोड’ म्हणेपर्यंत सोडायची नाही. धाकट्या भावाला हे मीच शिकवलं होतं. पाय घसरून तो लिफ्टच्या पोकळीत लोंबकळला तेव्हा तो ‘सोड’ म्हणाला नाही, आणि मी त्याचा हात सोडला नाही. लिफ्टचा तोल राखणाऱ्या, वरून उतरणाऱ्या लोखंडी वजनाने माझा उजवा हात कोपराखाली तोडला तेव्हाच तो खाली गेला. तेव्हापासून तो दवाखान्यात बेशुद्ध होता आणि माझा सगळा जीव त्याच्या वरखाली होणाऱ्या छातीत अडकला होता.

कृत्रिम हात बसवणाऱ्या बाई मोठ्या चिकाटीच्या. माझ्या उरलेल्या हातावर त्या दोन चकत्या चिकटवत. तिथले स्नायू आवळले की पडद्यावरची रेघ वर चढायची आणि टेबलावरचा यंत्राचा हात मूठ मिटायचा. स्नायू सैल पडले की मूठ उघडायची. माझी रेघ मात्र चकत्या लावताच वर जाऊन बसे.

“सैल सोडा,” बाई म्हणायच्या. मी सैलच बसलेला असायचो. त्यांनी चकत्या बदलल्या, वायरी बदलल्या, शेवटी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं. यंत्र ठणठणीत होतं. गेलेला हात कधीकधी मिटलेलाच वाटत राहतो, अशी त्यांनी समजूत घातली. पण त्या नसलेल्या मुठीत मला काहीतरी कोमट आणि जड लागत होतं, ते मी सांगितलं नाही.

दवाखान्यात नर्स धाकट्याच्या मुठीत कापडाची गुंडाळी सरकवायची. नखं तळव्यात रुततात, म्हणाली. बोटं कितीदा सरळ केली तरी पुन्हा वळतात. एका दुपारी सरावात माझी रेघ जराशी उतरली आणि बाई खूश झाल्या. संध्याकाळी भावजय रडत सांगत होती की दुपारी ह्यांचा श्वासच अडकला होता.

त्यानंतर मी जिवाच्या आकांताने ती मूठ आवळून धरली. मला झोपेची धास्ती वाटू लागली. डोळा लागला की दचकून उठायचो आणि नसलेली मूठ चाचपायचो. बाईंकडे जाणं मात्र चुकवलं नाही. बायकोला वाटायचं, मी हातासाठी जातो. मी जात होतो ती रेघ वर आहे ना, एवढं बघायला.

आजही ती वर होती. बाई चष्मा पुसत होत्या, खोलीत तिसरं कोणी नव्हतं. माझ्या पायांखालून, जिथे नुसती फरशी होती तिथून, दमलेल्या आवाजात ऐकू आलं, “दादा, सोड.”

काही कळायच्या आधीच, इतक्या वर्षांच्या सवयीने, मी सोडलं होतं.

रेघ सपाट झाली. टेबलावरची मूठ अलगद उघडली.

“बघा, जमलं,” बाई हसून म्हणाल्या. “आता पुन्हा मिटा.”

मी दातओठ खाऊन आवळत राहिलो. रेघ हलेना. खिशात फोन वाजायला लागला, वाजतच राहिला.

“अहो, फोन घ्या ना,” बाई म्हणाल्या.

माझा हात मोकळा नव्हता. मी डाव्या हाताने त्या यंत्राची बोटं एकेक करून मिटत होतो, आणि ती पुन्हा उघडत होती.