वेदिकाचे उपास

आमच्या मखमलाबादच्या मळ्यात उज्वलावहिनीची वेदिका म्हणजे लय देवभोळी पोरगी, असं सगळ्या वस्तीला वाटायचं. सोमवार धरायची, गुरुवार धरायची, मधी चतुर्थी आली तर ती पण. खिचडी नाय, भगर नाय, नुसतं पाणी. वर देवळाला प्रदक्षिणा, पार घामानं निथळेपर्यंत. वहिनी बायकांत मान ताठ करून सांगायची, "माझ्या पोरीसारखं कडक कुणाला जमायचं नाय."

सुरुवात कशी झाली ते मातर सांगायची नाय. बघायला पाहुणे आले होते. निघताना मुलाची आई बोलली, "पोरगी गुणाची हाय, पण अंगानं जरा जास्तीच." ते गेल्यावर वहिनीनं पोरीपुढचं ताट ओढून घेतलं. "खा अजून," असा वर टोमणा.

नवरात्रात मी त्यांच्या ओट्यावर झेंडूचे क्रेट लावत होतो, तर शेजारची कुसाबाई आली. नातू दवाखान्यात तिचा. म्हातारीनं वाकून वेदिकाचे पाय धरले. "देवी तुझं ऐकती बाय. माझ्या नातवासाठी एक शब्द टाक."

वेदिका मागं भिंतीला टेकली. "आजी, पाय सोडा. मी देवीसाठी काय करत नाय. मला खायची भीती वाटते. घास पोटात गेला की चालल्याशिवाय राहवत नाय. देवीचं नाव घेतलं की कुणी जेवायला बसवत नाय, म्हणून उपास सांगते."

"उपासानं थकलीय, काय पण बोलती," वहिनी मधी पडली.

"मम्मी, तुला ठाऊक हाय."

कुसाबाईनं पोरीचं मनगट हातात घेतलं. "काडी झालीय गं. उज्वला, तुला दिसत नव्हतं व्हय?"

वहिनी फुलांकडं बघत राहिली. "दिसत होतं. पण बायका कौतुक करायच्या. बरं वाटायचं."

मी क्रेट तसाच धरून उभा.

संध्याकाळी आरतीला बायका जमल्या. एकीनं हाक दिली, "वेदिकाला बोलवा, आज तिच्याच हातनं ओवाळू."

वहिनीनं मान खाली घातली. "तिचे उपास नव्हते ते. पोरगी आजारी हाय माझी. उद्या डॉक्टरकडं नेते."

आरतीचं ताट कुणी हातात घेईना. दाराआड वेदिका ओढणीत तोंड लपवून बसली होती. प्रदक्षिणेची वेळ झालेली, पाय नुसते चालायला उठू बघत होते तिचे. वहिनी आत गेली आन् तिच्या शेजारी जमिनीवर बसली.