सहा अधिक एच

घरात तिला सगळे वकीलबाई म्हणत. बोलायला लागली तेव्हापासून ‘का?’ विचारल्याशिवाय तिने पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता, असं तिची आई सांगायची. आई गाडी चालवायला शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसायचं आणि तरी आवाज चढवायचा नाही, असं तिचं काम. त्यामुळे तिच्याजवळ सहनशक्ती भरपूर होती. कॉलेजातल्या गणिताच्या सरांकडे तेवढी नव्हती.

कॅल्क्युलस सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. सरांनी फळ्यावर एक्सचा वर्ग लिहिला, एक्सच्या जागी तीन घातले, मग तीन अधिक एच नावाचा छोटासा आकडा. वजाबाकी केली, एचने भागलं. उरलं सहा अधिक एच.

“आता एच शून्य. उत्तर सहा. पुढे चला.”

“सर, पण आत्ताच आपण एचने भागलं,” वकीलबाई उभी राहिली. “म्हणजे एच शून्य नव्हता. शून्याने भागता येत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. मग दोन ओळींत तो शून्य कसा झाला?”

वर्गात खसखस पिकली. सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“तशी रीत आहे. पाठ कर.”

“रीत आहे ते कळलं. बरोबर का आहे?”

“तुला गणित शिकायचंय की भांडायचंय?”

“दोन्ही,” ती म्हणाली, आणि तासभर वर्गाबाहेर उभी राहिली.

चाचणीत तिने प्रत्येक गणित सहा अधिक एचसारख्या ओळीपर्यंत आणलं आणि खाली स्वच्छ अक्षरांत लिहिलं, “यापुढे जाण्याचं कारण मला सांगितलेलं नाही.” भोपळा मिळाला. मैत्रिणीने समजावलं, “अगं, एच खोडून टाक आणि मोकळी हो. सगळे तेच करतात.” वकीलबाईने मान हलवली. हलवली ती आडवी.

सरांनी आईला बोलावून घेतलं. स्टाफरूममध्ये त्यांनी पेपर समोर ठेवला.

“मॅडम, मुलगी हुशार आहे, पण हट्टाला पेटलीय. तुम्ही जरा समज द्या.”

आईने पेपर वाचला. बराच वेळ वाचला.

“मला कॅल्क्युलसमध्ये सत्त्याण्णव होते,” ती म्हणाली.

“बघ!” सर वकीलबाईकडे वळले.

“आणि मला हे कधीच कळलं नव्हतं,” आईने वाक्य पुरं केलं. “दोन वर्षं एच खोडत गेले. विचारायची छाती झाली नाही. सर, एच शून्य कसा होतो?”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“ते सगळं सीमेच्या, म्हणजे लिमिटच्या धड्यात आहे. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नाही, म्हणून आम्ही तो सोडतो. पोर्शन संपवायचा असतो, मॅडम.”

“म्हणजे उत्तर आहे,” वकीलबाई म्हणाली. “तुम्ही ते सोडलंय.”

“समज देते मी हिला,” आई उठत म्हणाली, आणि घरी येताना वाटेत तिने आधी कॅल्क्युलसचं पुस्तक विकत घेतलं.

रविवारी सकाळी चहाचे कप बाजूला सारून दोघी सीमेच्या धड्याला भिडल्या. पहिल्या पानावरच नाकी नऊ आले. आईचा उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर सारखा दाबला जात होता. दुपारी कधीतरी वकीलबाई एकदम थांबली.

“आई, तू फरक सांग. सहाच्या किती जवळ हवं?”

“एक शतांश.”

“मग मी एच त्याहून लहान घेते. झालं. अजून जवळ?”

“एक लक्षांश!”

“एच त्याहून लहान. शून्य नाही हं, नुसता लहान. तू कितीही बारीक माग, मी देते.”

“बरं, मी म्हणते उत्तर सहा नाहीच. पाच पॉइंट नव्याण्णव आहे.”

“मग एच लहान होत गेला की आकडा तुझ्यापासून दूरच राहणार. सहा एवढा एकच आकडा असा आहे, ज्याच्याजवळ हवं तेवढं जाता येतं आणि तिथेच राहता येतं.” तिने पेन्सिल आपटली. “एच शून्य होतच नाही! कधीच होत नव्हता! मग हे खोटं कशाला सांगतात?”

आई खुर्चीला टेकली. “सत्त्याण्णव मार्क,” ती स्वतःशीच म्हणाली आणि हसायला लागली, ती थांबेचना.

सोमवारी सर यायच्या आधीच वकीलबाईने खडू घेतला. “सर शून्य म्हणतात तो एच शून्य नाही,” तिने सुरुवात केली, आणि मागच्या बाकांवरची कुजबुज बंद झाली. कुणी शतांश मागितला, कुणी कोट्यंश. ती देत गेली.

दारात सर उभे होते. हातात हजेरीपट.

“खाली बस. पोर्शन राहिलाय.”

तिने खडू खाली ठेवला नाही.

“दोन मिनिटं, सर. हाही पोर्शनच आहे.”

सर काही बोलणार तेवढ्यात मैत्रीण उभी राहिली. “एच उणे असला तर गं? सहाच्या खालून आला तर?”

“चांगलं विचारलंस,” वकीलबाई म्हणाली आणि फळ्याकडे वळली.