एका पाहुण्यासाठी

मिक्लाव्शच्या हातात रिबिनी बांधलेली काठी होती, डोक्यावर उंच काळी टोपी होती आणि अंगणातली नव्वद माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती. तो ब्राश्का, म्हणजे लग्नाचा सूत्रधार होता. घरोघरी लग्नाची आमंत्रणं देण्यापासून नवरीला माहेरच्या दारातून निरोप देण्यापर्यंत सगळं त्याच्या तोंडून व्हायचं, आणि तेही सोर्बी भाषेत, म्हणजे जर्मनीतल्या त्यांच्या छोट्याशा समाजाच्या बोलीत. अशी एकशे बारा लग्नं त्यानं पार पाडली होती.

तेवढ्यात नवरीच्या बापानं, पावोलनं, त्याला गोठ्याच्या भिंतीकडे ओढलं.

"काका, आज जरा जर्मनमध्ये उरकाल का?"

"काय म्हणालास?"

"अहो, ड्रेस्डेनचे वीस जर्मन पाहुणे आलेत. जावयाची आई तर अगदी पुढं उभी आहे. बिचारीला एक अक्षर कळायचं नाही. बरं दिसतं का ते?"

"तिनं सांगितलं तुला?"

"तिनं कशाला सांगायला हवं? आपल्याला कळत नाही का?"

कळतं ना! ह्या कळण्यानंच तर घात केला होता. आगीच्या बंबाच्या स्वयंसेवकांची बैठक असो की पत्त्यांचा डाव, एकोणीस सोर्बींत एक जर्मन येऊन बसला की एकोणीसच्या एकोणीस जण जर्मन बोलू लागायचे. मिक्लाव्शच्या बापाच्या काळी सरकारनं भाषेवर बंदी घातली, तेव्हा गाव दारं लावून बोलत राहिलं. आता बंदी नाही, तर सभ्यपणा आडवा येत होता. मिक्लाव्शच्या घरात जर्मन सून आली, तेव्हा जेवणाच्या टेबलावर सगळ्यांत आधी भाषा बदलली ती त्यानंच. सुनेनं मागितलं नव्हतं. आज नातवंडांना त्याचं बोलणं कळत नव्हतं.

एवढं असूनही त्यानं मान डोलावली. सवय वाईट.

नवरी हिल्झा बाहेर आली. सोर्बी नवरीचा रिवाजाचा काळा पेहराव, डोक्यावर मुकुट. ती आईबापांपुढं गुडघे टेकून बसली. आता तिच्या वतीनं ब्राश्कानं आईबापांची माफी मागायची आणि आशीर्वाद मागायचा. मिक्लाव्शनं जर्मनमध्ये सुरुवात केली. शब्द बरोबर होते, पण स्टेशनवर गाडीची घोषणा व्हावी तसे वाटत होते.

हिल्झानं मान वर केली आणि हळूच सोर्बीत विचारलं, "आजोबा, तुम्ही हे कुणाला सांगताय?"

मिक्लाव्श थांबला. त्याला स्वतःचा असा संताप आला की कानशिलं तापली. त्यानं काठी फरशीवर आपटली.

"चुकलं माझं," तो सोर्बीत म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."

"काका, पाहुणे!" पावोल दबक्या आवाजात कळवळला.

"पाहुण्यांना पोटभर जेवू घाल. पोरीला निरोप मी तिच्याच भाषेत देणार. पटत नसेल तर ही घे काठी आणि उभा राहा माझ्या जागी!"

पावोलनं काठी घेतली नाही.

मग मिक्लाव्श मनापासून बोलला. तिच्या तापात आईबापांनी उशाशी बसून काढलेल्या रात्री त्यानं सांगितल्या, तिनं धाडकन आपटलेली दारं सांगितली, उलट दिलेली उत्तरं सांगितली आणि सगळ्याची माफी मागितली. बायकांचे रुमाल बाहेर निघाले. जावई काही न समजता हिल्झाशेजारी गुडघे टेकून बसला होता. ऊठ म्हणून त्याला कुणी सांगितलं नाही, आणि तोही उठला नाही.

आशीर्वादाची पाळी आली. पावोलनं तोंड उघडलं आणि जर्मनच बाहेर पडली.

"पावोल," मिक्लाव्श म्हणाला, "पोरगी तुझ्यापुढं बसलीय रे. तिच्याशी बोल."

 पावोलनं दोन्ही हात लेकीच्या डोक्यावर ठेवले. "जा बाळे, देव तुझ्या सोबत असो. रागावलो असेन, पण जीव तुझ्यातच होता. हे दार तुझंच आहे." सगळं सोर्बीत. बोलता बोलता तो ढसाढसा रडला.

जावयाच्या आईनं हलकेच पावोलच्या बाहीला हात लावला. "काय म्हणालात हो तिला?" तिनं जर्मनमध्ये विचारलं.

अंगणात दहा-बारा तोंडं भाषांतरासाठी लगेच उघडली. मिक्लाव्शनं काठी आडवी धरली. तोंडं मिटली.

पावोलनं डोळे पुसले आणि विहीणबाईंकडे वळून लेकीला काय म्हणालो ते अगदी पहिल्या शब्दापासून, सावकाश, सोर्बीतच त्यांना सांगितलं.