टपालाचं खातं

आमच्या घरात टपाल हे बायकोचं खातं. आलेलं पाकीट मी तिच्या शिवणाच्या टोपलीत टाकायचो. जेवणानंतर ती कात्रीने ते उघडायची, वाचायची आणि कुणी काय करायचं ते सांगायची. ग्रंथालयात जन्मभर पुस्तकांना क्रमांक दिलेल्या माणसाने स्वतःच्या घरचं पाकीट कधी उघडू नये, हे सांगताना बरं वाटत नाही. पण होतं ते असं.

मग तिला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. लेक तेव्हा दातांच्या कवळ्या बनवायची. बाजारामागे तिची स्वतःची कामाची खोली होती. मेण वितळवायचा दिवा विझवून तिने खोलीला कुलूप लावलं आणि आमच्याकडे राहायला आली. रोज आईला आरशासमोर बसवायची. ओठ कसे मिटायचे, जीभ कुठे टेकवायची ते दाखवायची. माणसाच्या तोंडाचा नकाशाच तिला पाठ. नुसता ‘प’ यायला अख्खा हिवाळा गेला.

अशी काही वर्षं गेली. टपाल येतच होतं. आम्ही दोघंही ते टोपलीत टाकत राहिलो. आपणच ते उघडायचं म्हणजे आता ती उघडणार नाही असं कबूल केल्यासारखं वाटायचं. निदान मला. लेकीला काय वाटायचं ते मी विचारलं नाही.

यंदा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी लेकीला पुन्हा काम देऊ केलं. तिने खोली झाडून घेतली, साचे धुतले. त्याच आठवड्यात बायकोने टोपली पुढ्यात ओढली, एकेक पाकीट गुडघ्यांत धरून डाव्या हाताने फाडलं आणि लेकीच्या नावाने आमच्या पत्त्यावर आलेल्या कर खात्याच्या पत्रांची टेबलावर रांग लावली. पहिल्या पत्रात ‘कृपया’ दोनदा होतं, शेवटच्यात एकदाही नव्हतं.

कमाईच नाही तर विवरणपत्र कशाला भरायचं, अशी लेकीची समजूत. ती पूर्वीइतकीच कमावते आहे आणि लपवते आहे, अशी खात्याची समजूत. महिनाअखेर खुलासा केला नाही तर तिच्या व्यवसायाची नोंदणी रद्द होणार होती, आणि नोंदणी नसलेल्या माणसाला डॉक्टरीणबाई काम देऊ शकत नव्हत्या.

चूक माझी आहे, असं मी म्हणालो. लेक म्हणाली, “बाबा, चुकीच्या वाटण्या नंतर करू. तुम्हाला मोठा हिस्सा देईन.”

तिने राहिलेली सगळी विवरणपत्रं भरली, कमाईच्या जागी शून्य लिहून. खुलाशात काम बंद ठेवण्याचं कारण द्यायचं होतं. मी एक वाक्य सुचवलं. त्यात ‘अपरिहार्य’ हा शब्द होता. तिने ते ऐकून घेतलं आणि ‘घरगुती अडचण’ असं लिहिलं. बायकोने कागद वाचला, खाली ठेवला आणि चपला घालायला बसली. ती येणार हे आम्हाला तेव्हा कळलं.

कचेरीत अधिकारीबाईंचा चष्मा कपाळावर होता. बंद खोलीची विजेची बिलं त्यांनी उलटसुलट पाहिली. मग कागदावर बोट ठेवून विचारलं, “घरगुती अडचण म्हणजे काय? इतकी वर्षं तुम्ही काहीच काम केलं नाही?”

एरवी कुणालाही उत्तर देणारी माझी लेक हातातले कागद सारखे करत बसली. आईसमोर आईलाच अडचण कसं म्हणणार? मी खोकलो. मनात वाक्य जुळवू लागलो, ते जुळेना.

बायकोने डावा हात टेबलावर ठेवला.

“केलं,” ती म्हणाली. मग थांबली, ओठ जुळवले. “हिचं काम... मी होते.”

बाईंनी चष्मा खाली घेतला. आधी तिच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे. कागद परत सरकवून त्यांनी कारण नीट लिहायला सांगितलं. लेकीने लिहिलं: आईचं आजारपण, आणि तिला पुन्हा बोलायला शिकवणं. माझ्या वाक्यापेक्षा ते पुष्कळ चांगलं होतं. उशिराचा दंड चुकणार नाही, अंदाजाने लावलेल्या कराची आकारणी मागे घेता येईल, असं बाई म्हणाल्या. निर्णय पत्राने कळणार होता. “आणि ते पत्र उघडा,” त्या म्हणाल्या, माझ्याकडे बघून.

बाहेर पायऱ्यांवर लेकीने नाक पुसलं आणि आईला म्हणाली, “‘होते’मधला ‘ह’ छान आला.”

“कळलं मला,” बायको म्हणाली. दोघींच्या मागून चालताना मी उगाचच ताठ झालो होतो. यात माझं कर्तृत्व काहीच नव्हतं.

पत्र आलं तेव्हा मी ते नेमाने टोपलीत टाकलं. जेवणानंतर तिने ते फाडून मोठ्याने वाचायला घेतलं. ‘नोंदणी’वर अडली. आमचे दोघांचे ओठ हलले, पण शब्द कुणीच पुरवला नाही. तिने तो स्वतःच काढला, आणि पुढचा ‘कायम’सुद्धा. तळाची सही मात्र लागेना. कागद दूर धरून म्हणाली, “ही बाई घाईत असते.”

मग लेकीला म्हणाली, “दंड भर. उद्या खोली उघड.” आणि मला म्हणाली, “तुम्ही डाव्या हाताची कात्री आणा.”