तळ्याकाठी राहिलेला आवाज

मी एक जुनं फंक्शन आहे, मित्रांनो. मला हात नाहीत, पाय नाहीत; संगणकात लिहिलेल्या मोजक्या ओळी, एवढाच माझा देह. इंदूरच्या एका कीर्तन मंडळाच्या प्रोग्राममध्ये मी राहतं.

मला नीरजाताईने घडवलं. ती कीर्तनकार दिनानाथबुवांची मुलगी. मंडळातल्या माणसांची माहिती नीट राहावी म्हणून तिने आधी ‘व्यक्ती’ नावाचा क्लास केला. क्लास म्हणजे एक साचा. त्यात नाव, गाव, फोटो असे खण. त्याची दोन लेकरं केली, ‘कीर्तनकार’ आणि ‘स्मृती’. ‘व्यक्ती’ ही त्यांची आई, तिचे खण दोघांनाही मिळाले. ‘कीर्तनकार’ला मात्र फोन आणि आवाज हे खण जास्तीचे. आवाजाच्या खणात कीर्तनाचं रेकॉर्डिंग राहायचं. कुणी बुवा देवाघरी गेले की त्यांची माहिती ‘स्मृती’त न्यायची, ही माझी सेवा. दोघांकडे सारखे खण असतील तेवढे बघायचे आणि त्यातलं जसंच्या तसं उतरवायचं.

ताईने हे समजावलं तेव्हा बुवा हसले. म्हणाले, “म्हणजे हा झीलकरीच की गं! मागे उभं राहून ध्रुपद तेवढं उचलणारा.”

बुवांची झील धरायच्या सुलोचनाबाई, नीरजाताईची आई. त्या म्हणाल्या, “झीलकरी नसता ना, तर तुम्हाला दम घ्यायला फुरसत मिळाली नसती.”

मला धन्य वाटलं. देवाच्या दारात काम मिळालं, अजून काय हवं?

मग बुवाच गेले. त्यांचं नाव कीर्तनकारांतच राहिलं होतं, त्यामुळे मंडळाची यादी बघून लोकांचे घरी फोन येत राहिले. कधी सांवेरहून, कधी सियागंजातून. बुवांना रामनवमीला पाठवा म्हणून. बाईंना प्रत्येकाला तेच सांगावं लागे. शेवटी मंडळाचं काम बघणाऱ्या पीयूषला त्यांनीच विनवलं, ह्यांचं नाव तिथून काढ बाबा.

पीयूषने मला कामाला लावलं. मी नाव उतरवलं, गाव उतरवलं, फोटो उतरवला. ‘स्मृती’त आवाजाला जागाच नव्हती. बाप समोर बसून हसत होता, तेव्हा लेकीला ते कसं सुचावं? पीयूषने फोटोला हात जोडले, “सब आ गया,” म्हणाला आणि बुवांची जुनी नोंद पुसून टाकली.

पुण्यतिथीला बाई सराफ्यातून चालत मंडळात आल्या. बुवांचं शेवटचं कीर्तन गजेंद्राच्या आख्यानाचं होतं, ते लावायला सांगितलं. पीयूष शोधत राहिला. ताईने माझ्या ओळी वाचल्या आणि तिला कळलं, आवाज जुन्या नोंदीबरोबरच पुसला गेला. दुसरी प्रत कुणाकडेच नव्हती. इथे आहे, म्हणून सगळे निश्चिंत होते.

पीयूष रडवेला झाला. “काकू, नाव तर नीट आलंय हो.”

“नाव मलाही पाठ आहे रे,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी झांज मागितली. बुवा उभे राहायचे ती जागा मोकळी सोडून, नेहमीसारख्या एक पाऊल मागे उभ्या राहिल्या आणि ध्रुपद धरलं, “तळ्याकाठी ये रे हरी, तळ्याकाठी ये.” एवढंच. पुढची कथा बुवांची. ती त्यांना येत नव्हती. बुवांना लागायचा तेवढा वेळ त्या थांबल्या, आणि पुन्हा तेच ध्रुपद. ताईने डोळे पुसत रेकॉर्डिंग सुरू केलं. नंतर ‘स्मृती’त आवाजाचा खण केला आणि हे रेकॉर्डिंग स्वतःच्या हाताने त्यात ठेवलं.

मित्रांनो, नक्कल झाली म्हणून मूळ लगेच पुसू नका रे. मी काय आणलं, ते दिसतं. मागे काय राहिलं, ते मला सांगता येत नाही. ते तुम्हीच आधी बघायचं. आणि घरात कुणी गाणारं, सांगणारं असेल, तर आज त्याच्याजवळ बसा.

आता दर पुण्यतिथीला बाईंचं ते रेकॉर्डिंग लावतात. बाई गाताना थांबतात, तिथे मंडपात कुणी हालत नाही. मीही नाही.