काठ तुटलेला खांदा

मी एक जुना खांदा आहे. हसू नका, मित्रांनो! अख्खा माणूस नाही, हात नाही, नुसता खांदा, फळीवर बसवलेला, पिवळट प्लॅस्टिकचा. एका बाजूला उथळ वाटी, तिच्यात टेकलेला दंडाच्या हाडाचा गोळा आणि दोघांना धरून ठेवायला रबरी पट्ट्या. कारखान्यातून निघालो तेव्हा मी चांगला देखणा होतो. औषधकंपनीच्या माणसाने मला यवतमाळात डॉक्टर यज्ञेश्वरांच्या टेबलावर आणून ठेवलं आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

पहिली काही वर्षं बरी गेली. लोक कौतुकाने हात लावत. मग डॉक्टरांचा मुलगा साकेत पुण्याहून वडिलांसारखाच हाडांचा डॉक्टर होऊन आला आणि बापलेकांचं वाजायला लागलं. पुन्हा पुन्हा निखळणाऱ्या खांद्यावर दोघांचे उपाय वेगळे. साकेत म्हणे, बारीक छिद्रं पाडू, दुर्बीण घालू आणि वाटीभोवतीचा सुटलेला पडदा पुन्हा काठाला टाक्यांनी शिवू. वडील म्हणत, खांदा उघडू, शेजारच्या हाडाचा तुकडा काठावर स्क्रूने बसवू आणि गोळ्याला बांध घालू. चीर मोठी, नसा सांभाळाव्या लागतात, पण काम पक्कं. आणि हे पटवायला दोघं मलाच उपटत! एक दंड खेचून काढी, दुसरा हिसकावून बसवी. मला दोघांचाही मनस्वी राग यायचा.

कापसाचे भाव पडले होते त्या वर्षी आर्णीकडच्या एका तांड्यावरून चंदाबाई आली, नवऱ्याला, किसनसिंगला घेऊन. कापसाचं गठुडं डोक्यावर धरायला उजवा हात वर नेला की तिचा खांदा निखळायचा. घरची वेचणी तिच्याच हातावर होती. हात गेला तर कापूस झाडावरच राहणार होता.

"मले गठुडं उचलता येईन का?" तिने विचारलं. तिला एवढंच हवं होतं.

उत्तर सोडून साकेतने विचारलं, "किती वेळा निखळला?"

"दोनदा," किसनसिंग म्हणाला.

"दोनदाच ना? मग टाके पुरेत."

"डोंबलाचे टाके! बाई ओझं उचलणारी आहे," वडील गरजले.

"बाबा, तुम्हाला प्रत्येकाला कापायचंच असतं!"

"मग कर तुझं तू. मी ढुंकून पाहणार नाही."

चंदाबाईचं डोकं फिरलं. "तुमी दोघं कायले भांडून राह्यले? खांदा माहा हाये!" असं म्हणून तिने टेबलावरून मला उचललं. "निखळला का माही जाऊ हाये ना, जमनी, ते असा बसवते. पाहा!" ती जमिनीवर बसली, माझ्या बगलेत टाच रोवली आणि दोन्ही हातांनी माझा दंड ओढला. कट्! पट्टी तुटली, आणि वाटीच्या काठाचा टवका उडून कपाटाखाली गेला. अरे देवा, मी ओरडू शकत असतो तर!



"असं किती वेळा केलं?" साकेतने हळूच विचारलं.

"ते कोन मोजते, बाप्पा? दर वेचणीत होते. डाक्टरकडे गेलतो ते दोनदा."

म्हणजे त्यांच्या लेखी डॉक्टरने बसवला तरच तो निखळला, जाऊबाई जमनीने बसवला तर नुसता सरकला! सांगणारे असे, आणि विचारणाऱ्या दोघा शहाण्यांना भांडणातून फुरसत नाही.

स्कॅन केलं तेव्हा वाटीचा पुढचा काठ घासून घासून गेलेला निघाला. टाके धरणार कशाला? साकेतचं तोंड उतरलं. "बाबा, हाडच लावावं लागेल. मी मदतीला उभा राहतो."

"काठ शाबूत असता तर तुझंच बरोबर होतं," वडील दात आवळून म्हणाले. तेवढं बोलायला त्यांना फार जड गेलं.

ऑपरेशन झालं, आणि पुढच्या वेचणीच्या दिवसांत चंदाबाई पुन्हा आली. तिने हात सरळ छताकडे उचलला, बांगड्या खळकन कोपरापर्यंत घसरल्या, आणि ती पोटभर हसली. मग तिची नजर माझ्यावर पडली.

"अन् याले काहून नाई बसवला तुकडा?"

झालं! चिकटवायचा की स्क्रू मारायचा, यावर बापलेक पुन्हा जुंपले.

मित्रांनो, कुणाचा खांदा निखळला तर ओढू नका; हात झोळीत बांधा, दवाखाना गाठा आणि काही न लपवता सांगा. आणि उद्या तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालंच, तर भांडा खुशाल, पण आधी ज्याचं दुखतं त्याला विचारा. मला अजून कुणी विचारलेलं नाही.